पालथं फुलपात्र

वसुधा,

न्यूकॅसल स्टेशन गेलं आणि माझा डोळा लागला. तू म्हणशील, तुला काय, तू उभ्या उभ्याही झोपतेस. खरंय. पण ही झोप नेहमीची नव्हती. खिडकीतला समुद्र दिसत होता, समोरच्या माणसाच्या एग सँडविचचा वास येत होता, आणि तरी मी ट्रेनमध्ये नव्हते. समुद्राच्या कडेनं गवतात लांबच लांब टेबलं मांडलेली होती, पांढऱ्या चादरी घालून. जुन्या कोटांतली, उन्हानं लाल झालेली माणसं पेले धरून उभी होती. आणि तू त्यांच्यामधून वही घेऊन फिरत होतीस, तो विटलेला निळा कुर्ता घालून. प्रत्येकाला विचारत होतीस, "भाऊ, हा पेला कोणाच्या नावानं उचलून राहिले तुम्ही?" ते सांगत होते, तू लिहून घेत होतीस. मला तुला हाक मारायची होती. पण माझी जागा पार पलीकडच्या टेबलावर होती आणि मधे धुकं यायला लागलं होतं.

बेरिकच्या पुलावर जाग आली. थोड्या वेळानं स्कॉटलंडची हद्द लागली म्हणे. दरवेळी मी ती बघायची ठरवते आणि दरवेळी ती निघून जाते. या वेळी, तुझ्या फ्युनरलला येतानाही, निघून गेली.

त्याला आता तीन आठवडे होत आले. सगळे म्हणतात, लिही काहीतरी, मोकळं वाटेल. तुझ्या पदव्या, तुझे पेपर, तुझ्या नेमणुका लिहायला तुझी युनिव्हर्सिटी समर्थ आहे, त्यांनी लिहिलंही, छान लिहिलं. मला आपलं भांडण लिहायचंय. ते दुसरं कोण लिहिणार?

एजवेअरचं ते घर आठवतं ना, चार खोल्या, सहा मुली आणि एक किचन. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेली, तू नागपूरहून पीएचडीला. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "नागपूरची मुलगी, लंडनमध्ये बसून अमेरिकेचा इतिहास? द्राविडी प्राणायाम झाला की हा." तू कांदा चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आपल्या घरचं भांडण समजून घ्यायचं असलं तं आधी शेजाऱ्याचं पाहावं. तिथं आपल्याला राग येत नाही." मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं. पुढं कळलं की तुला शेजाऱ्याच्या भांडणाचाही भरपूर राग येतो.

तुझा विषय ऐकून मी हसले होते, त्याची आता लाज वाटते. टोस्ट. माणसं जेवताना पेला उचलून काय बोलली, यावर पीएचडी. मग तू मला सांगितलंस, आणि तू सांगायला लागलीस की किचनचा दिवा मंद व्हायचा असं मला वाटायचं. अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हा देश म्हणून बोट दाखवावं असं काही नव्हतंच. रस्ते नाहीत, धड राजधानी नाही, प्रत्येक राज्य आपल्याच तोऱ्यात. मग दर चार जुलैला गावोगाव लोक झाडांखाली टेबलं मांडून जेवायचे आणि तेरा टोस्ट म्हणायचे, पहिल्या तेरा राज्यांसाठी तेरा. त्यानंतर कुणालाही मनातला टोस्ट म्हणता यायचा. आणि गंमत म्हणजे हे सगळं पेपरात छापून यायचं, कोणत्या टोस्टला किती जयजयकार झाले त्याच्या आकड्यासकट. मग दूरच्या कुठल्यातरी गावातला माणूस ते वाचायचा आणि त्याला वाटायचं, अरे, हे तर आमच्यासारखंच बोलतात. "असा बनला तो देश, नीले. पेपर वाचून," तू म्हणायचीस.

रविवारी दुपारी फोनवर तू मला ते टोस्ट वाचून दाखवायचीस. मी सोफ्यावर पडलेली, फोन कानाशी. नद्यांच्या नावानं, नांगराच्या नावानं, अमेरिकेच्या लेकींच्या नावानं, तीन जयजयकार, सहा जयजयकार. ती गावं मी कधी नकाशात पाहिली नाहीत, पण त्यांतल्या काहींचं ऊन मला अजून आठवतं. एकदा तर मी चक्क घोरले आणि तू पंधरा मिनिटं वाचत राहिलीस. "संघराज्य झोपलं का?" असं विचारलंस शेवटी.

आणि त्याच टेबलांवर भांडणही मांडलं जायचं, हे तू मला फार सावकाश दाखवलंस. सगळे पेला उचलायचे तो 'युनियन'च्या नावानंच, पण प्रत्येकाच्या मनातली युनियन वेगळी. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना इंग्रजांशी चाललेलं युद्ध नको होतं, तेव्हा तिथले काही लोक वेगळं व्हायची भाषा बोलू लागले आणि दक्षिणेनं त्यांना देशद्रोही म्हटलं. वीस वर्षांत वारं फिरलं. परदेशी मालावरच्या करापायी दक्षिण पेटली, आणि आता तीच भाषा दक्षिणेच्या तोंडी, देशद्रोही म्हणायला उत्तर तयार. "ज्याचं राज्य तो एकतावाला, ज्याला वाटा नाही तो फुटीर. माणसं तीच वं, फक्त बाजू बदलून बसली." हे तू म्हणालीस तेव्हा मी म्हटलं, "पण शेवटी एकत्र राहणंच..." तू मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस. "कोणाच्या जिवावर एकत्र? टेबलाशी बसलेले दोघं भांडले अन् दोघांनीच तडजोड केली. नकाशावर रेघ मारली, वरती गुलामगिरी नको, खाली चालेल. ज्यांच्यावर रेघ मारली ते मागं उभे राहून यांचे पेले भरून राहिले होते. त्यांना कोणी इचारलं?"

मी विषय बदलला.

पण आपण तो खेळ उचललाच. तुला एडिनबराला नोकरी लागली, माझं शेखरशी लग्न होऊन मी लंडनमध्येच हॅरोला आले, आणि दर एक मेला, महाराष्ट्र दिनाला, एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे जेवण ठरलं. तेरा टोस्ट, आणि प्यायला मसाला ताक, आमच्या पुण्याच्या स्टीलच्या फुलपात्रांतून. आमच्या शेखरनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की तेरा फुलपात्रं ताक पोटात गेल्यावर देशप्रेम बाथरूममध्येच व्यक्त होतं. तेव्हापासून आपण एकेक घोट घ्यायला लागलो. सह्याद्रीच्या नावानं घोट, वैनगंगेच्या नावानं घोट. तुझी लेक इरा लहान होती तेव्हा ती उभी राहून म्हणाली होती, "माझी टोस्ट पुरणपोळीला, कारण तो गोड आहे." नऊ जयजयकार झाले. तू ते वहीत लिहून ठेवलं होतंस.

स्कॉटलंडनं वेगळं व्हायचं का, या सार्वमताच्या वर्षी मात्र जेवण जरा कडू झालं. मी बोलून गेले की आपण बाहेरून आलेली माणसं, यांच्या घराची वाटणी करायला आपण कशाला मत द्यायचं. तू म्हणालीस, "वीस वर्षं कर भरून राहिले, अन् मी अजून बाहेरचीच?" तू मत कुणाला दिलंस ते मात्र कधी सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं.

आता ते तीन वर्षांपूर्वीचं जेवण. ते टाळत टाळत मी इथवर आले, तुझ्या लक्षात आलंच असेल.

माझ्या घरी. अण्णा लेकीकडे राहायला पुण्याहून आलेले. तुला माहीत होतं की अण्णा कॉलेजात असताना संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आले, आमच्याकडे एक मे म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा. टेबलाशी आपण पाचजण: अण्णा, शेखर, इरा, तू, मी. तेरा टोस्ट झाले. मग मनातल्या टोस्टची पाळी आली आणि तू उभी राहिलीस. आवाज अजिबात न चढवता म्हणालीस, "विदर्भाच्या नावानं. पंगतीत शेवटी बसवलेल्याच्या नावानं, वाढपी पोचेस्तोवर ज्याच्यासाठी पातेलं रिकामं होतं. त्याला आपलं आपण शिजवून खाण्याचं बळ मिळो."

शेखर प्यायला. इरा प्यायली. अण्णांनी तुझ्याकडे जरा वेळ पाहिलं, हसले, आणि तेही प्यायले. मी माझं फुलपात्र ताटाशेजारी पालथं घातलं.

कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. आपल्याकडे पुरे झालं की पालथं घालतातच. पण त्या जुन्या जेवणांत एखाद्यानं पेला पालथा घातला तर त्याचा अर्थ 'हा टोस्ट मला मान्य नाही' असा व्हायचा, हे त्या टेबलावर दोघींनाच माहीत होतं. मला ते तूच शिकवलं होतंस. तू पाहिलंस. मी पाहिलं की तू पाहिलंस. मग शेखरनं आंब्याचं आइस्क्रीम आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅरो-ऑन-द-हिलच्या प्लॅटफॉर्मवर, इरा कॉफी आणायला गेली तेवढ्यात तू विचारलंस, "नीले, काल ते पोट भरलं होतं, का उत्तर होतं?"

"अगं, पोट भरलं होतं."

"बरं," तू म्हणालीस. मेट्रोपॉलिटनची गाडी आली.

घरी आले तर अण्णांनीही तेच विचारलं. त्यांनाही मी तेच सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं, तू माझ्यासाठी घातलंस. माझ्यासाठी नको घालू. ती वाढायला सांगत होती." मी भांडी घासायला घेतली.

नंतरच्या तीन वर्षांत आपण एकदाही भांडलो नाही. बघ किती वाईट. वाढदिवसाचे मेसेज, इराच्या ग्रॅज्युएशनचे फोटो, गुडघ्याचं दुखणं, सगळं गोड गोड. एक मेचं जेवण दरवर्षी कशानं ना कशानं राहायचं, आणि ते कशानं राहायचं हे दोघींनाही ठाऊक होतं. तू मेसेज पाठवायचीस, "सद्भावनेच्या युगातून नमस्कार." तुझ्या त्या अमेरिकेतही एक असं सद्भावनेचं युग होऊन गेलं होतं. एकच पक्ष उरला, सगळे एकमेकांशी चांगले बोलायला लागले, पेपरवाल्यांनी तसं नावही देऊन टाकलं. भांडण मिटलं नव्हतं. ते नुसतं टेबलाखाली गेलं होतं, आणि तिथं वाढत होतं. तू हे वर्गात शिकवायचीस आणि मला मेसेजमध्ये पाठवायचीस, आणि मी खाली हसरा चेहरा टाकायचे. अक्कल गहाण टाकली होती मी.

यंदा एप्रिलमध्ये तू लिहिलंस, "ये. तेरा नको. एकच पेला उचलू." मी लिहिलं, बँकेच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, पुढच्या वर्षी नक्की. रिलीज होतं, खोटं नाही. पण रजा मिळाली असती.

मग इराचा फोन आला. "मावशी, आई सकाळी किचनमध्ये पडली, आणि हॉस्पिटलमध्ये काही करता नाही आलं." तिचं मराठी तिला पुरत नव्हतं, आणि इंग्रजीत बोलायला ती तयार नव्हती. मी पुण्याला फोन केला. अण्णा एवढंच म्हणाले, "त्या पालथ्या फुलपात्रावर तू बोलली होतीस का तिच्याशी?" मी नाही म्हटलं.

फ्युनरलच्या दिवशी तुझं एडिनबरा अर्धंच दिसत होतं. समुद्रावरून धुकं आलेलं, किल्ल्याचा खालचा खडक आहे आणि वर काहीच नाही. बस धुक्यात शिरायची आणि मला वाटायचं, पुढच्या स्टॉपवर तू चढशील, पिशवीत कोथिंबीर घेऊन, आणि मला म्हणशील, सरक. तीन स्टॉप मी शेजारची सीट धरून ठेवली. एका आजींनी विचारलं, कुणी बसणार आहे का. मी हो म्हटलं.

क्रिमेटोरियमच्या दाराशी एक मुलगी आली. तुझी विद्यार्थिनी, इथलीच, लालसर केसांची. तिनं इंग्रजीत विचारलं, "तुम्ही नीला ना? त्या ग्लासवाल्या?"

मी म्हटलं, कुठला ग्लास. तर म्हणाली, "प्रोफेसर दरवर्षी पहिल्या लेक्चरला सांगायच्या." आणि तिनं मला सांगितलं. तू म्हणायचीस म्हणे, "एकदा मी एक टोस्ट म्हटला. तिघांनी तो माझ्यावरच्या प्रेमानं प्यायला आणि आइस्क्रीम खाताना विसरून गेले. एकीनं नाही प्यायला. त्या टेबलावर तो ऐकला फक्त तिनं." मग कुणीतरी विचारायचं की पुढं काय झालं, तर तू म्हणायचीस, "अजून उत्तर यायचंय. पण येईल. पुण्याची माणसं पत्राला उत्तर देतातच, टोमण्यासकट."

"दरवर्षी?" मी विचारलं.

"यंदाही," ती म्हणाली.

तीन वर्षं, वसुधा. तू दरवर्षी एका नव्या वर्गाला सांगत होतीस की माझं उत्तर येणार आहे. आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. याचा मला राग आहे, सांगून ठेवते. प्लॅटफॉर्मवर "बरं" म्हणायच्या ऐवजी माझी मानगूट का नाही धरलीस? चारचौघांत धरायचीस की इतर वेळी.

आत गेले तर इरानं मला बोलायला उभं केलं. माझ्या हातात इंग्रजीत लिहिलेल्या चार ओळी होत्या, त्यात 'जनरस' हा शब्द दोनदा होता. समोर तुझे सहकारी, तुझे विद्यार्थी, तुझी शेजारीण, सगळे माझ्याकडे बघत होते. मी कागदाची घडी घातली आणि मराठीत बोलले. समजणारी फक्त इरा, तीही अर्धीमुर्धी. पण मला काही त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

मी म्हटलं, वसुधा, माझं पोट भरलं नव्हतं. मी रागावून पालथं घातलं. अण्णांच्या समोर, त्याच दिवशी तू ते म्हणालीस याचा राग आला, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण अण्णा तर हसून प्यायले. मला भीती वाटली. वेगळं व्हायचं असं कुणी म्हणालं की मला राज्य बिज्य काही दिसत नाही. मला तू दिसतेस, एजवेअरच्या दारात, एडिनबराला निघालेली, बॅग हातात घेऊन. माणूस उठून जाऊ नये म्हणून आम्ही अखंड अखंड करतो, आणि त्याच्या ताटात काय पडलंय ते बघत नाही. मी नाही बघितलं. तू वाढा म्हणत होतीस, आणि मी तुला जाऊ नको म्हणत होते, तेही तोंडानं नाही.

तरीही मी तुझ्याशी सहमत नाही, असं मी म्हटलं. इरानं मान वर करून पाहिलं. मी म्हटलं, महाराष्ट्र एकच आहे असं मी आजही मानते. एकत्र राहून भांडता येतं. वेगळं झालं की नुसते मेसेज उरतात, आपण तीन वर्षं ते करून पाहिलं. वाढप्याचा हात धरायचा, पातेलं आपल्याकडे ओढायचं, वाटेल ते बोलायचं, पण पंगतीतून उठायचं नाही. हे माझं उत्तर.

मग मी शेवटचं ते सांगितलं, जे तुला आयुष्यभर कळू दिलं नव्हतं. महाराष्ट्र एकच आहे असं छातीठोकपणे सांगणारी मी, रोम पाहून आले, न्यूयॉर्क दोनदा पाहून आले, आणि नागपूर एकदाही पाहिलेलं नाही. "लग्नाच्या आधी एकदा येऊन गेले होते, संत्री खाल्ली" असं तुला सांगितलं होतं ते साफ खोटं होतं. तुझ्या गावाला मी कधी गेलेच नाही.

आणि मी थांबले. तू मला कधी तिसऱ्या वाक्यापुढं जाऊ दिलं नाहीस, आणि हे तर मी आयतं तुझ्या हातात दिलं होतं. एवढ्यावर तू माझी सालटी काढायला हवी होतीस, भर सभेत, खुर्ची मागं ढकलून. मी तुझ्यासाठी जागा सोडून उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. सगळे फार सभ्यपणे वाट बघत होते. मग मागून कुणीतरी हळूच खोकलं, आणि मला कळलं की माझं बोलणं पुरं झालंय.